उंबराखालचे नवरे

आमच्या गावच्या टेकडीवर जुनं चर्च सापडलं आणि माझ्या संसाराचे धिंडवडे निघाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं असतं. पण आमचे पाद्री आबा वोल्दू यांनी तो संबंध असा घट्ट जोडून दिला की सुटता सुटेना.

चर्च सापडलं माझ्याच नवऱ्याला, कहसायला. टेकडीखालच्या वावरात नांगर अडकला म्हणून हा खाली वाकला, तर घडीव दगड. दुसरा कुणी असता तर दोन शिव्या घालून नांगर पुढे काढला असता. यानं बैल सोडले, अंगावरच्या शालीनं दगड पुसला आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच बसून राहिला. मी जेवणाची इंजेरा भाकरी घेऊन गेले तर म्हणतो, "मेधिन, बघ गं, कुणीतरी किती जीव लावून कोपरा घडवलाय." माझ्या हातचा घाम त्याला कधी दिसला नाही, हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याचा दिसला.

पीक निघाल्यावर राजधानीतून, अदिसहून, डॉक्टर सिसाय आला. औषध देणारा नव्हे, दगड वाचणारा डॉक्टर. तंबू, दोऱ्या, चाळण्या, ब्रश आणि एक जाडजूड वही घेऊन आला. गावातले चाळीस गडी आणि काही बायका कामाला लागल्या. पुरुषांनी खणायचं, बायकांनी माती चाळायची. मीही चाळणीवर होते. लेक लग्न होऊन दूर आडवा शहरात गेलेली, घरात दोघंच, आणि त्या दोघांत बोलायला काही नाही. चाळणी बरी, निदान खडखड तरी करते.

तिमकेतचा सण झाला. ताबोत डोक्यावर घेऊन, नाचत-गात तळ्यावर नेऊन परत आणला. ताबोत म्हणजे चर्चच्या गाभाऱ्यातली पवित्र पाटी. ती असेल तर चर्च, नसेल तर नुसत्या चार भिंती, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या पुढच्याच आठवड्यात टेकडीवर भिंती उघड्या पडल्या. लांबलचक दालन, खांबांच्या बैठकांच्या दोन रांगा आणि पूर्वेच्या टोकाला गाभारा असावा अशी भरीव माती. डॉक्टर आनंदानं नुसता उड्या मारत होता. म्हणाला, "चौदाशे वर्षं! चौदाशे वर्षांपूर्वीचं चर्च आहे हे!"

त्यानं ते इतक्या मोठ्यानं म्हणायला नको होतं. आबा वोल्दूंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा छत्री आणि माशा हाकलायची शेपटी घेऊन टेकडी चढून आले, भिंतीपाशी थांबले आणि म्हणाले, "चपला काढा."

"आबा, खाली दगड आहेत, पायाला लागेल," डॉक्टर म्हणाला.

"चर्च आहे ना?"

"होतं. आता अवशेष आहेत."

"चर्च होतं म्हणजे काय? तुझा बाप होता म्हणजे आता तो बाप राहिला नाही का?"

"पण आबा, इथे ताबोत कुठे आहे?"

"नाही कशावरून? गाभारा खणलास का तू? खणून दाखव, मग बोल. तोवर हे चर्च, आणि चर्चचे नियम."

डॉक्टरनं गपचूप बूट काढले. भले मोठे, दोऱ्यांचे, महागाचे बूट. त्यांच्या शेजारी गावाच्या प्लास्टिकच्या चपलांचे चाळीस जोड. आम्हाला वाटलं, संपलं. पण आबा भिंतीत दार होतं त्या जागी जाऊन उभे राहिले आणि आत निघालेल्या पहिल्या गड्याला अडवलं.

"रात्री बायकोपाशी होतास का?"

गडी लाजला, हसला आणि मागे फिरला.

आता यात नवीन काही नाही. रात्री नवरा-बायको एकत्र झाले की सकाळी चर्चच्या आत जायचं नाही, अंगणात उभं राहायचं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. रविवारी अर्धं गाव अंगणातच असतं. पण तिथे कोण कशासाठी बाहेर उभा आहे ते कुणी विचारत नाही. एकानं न्याहारी केलेली असते, एकाचं पोट बिघडलेलं असतं, एकाला नुसतं बाहेर गप्पा मारायच्या असतात. इथे मात्र डॉक्टरच्या वहीत हजेरी. रोज चाळीस नावं, प्रत्येकापुढे 'आत' नाहीतर 'बाहेर'. मजुरी दोघांना सारखीच, कारण आबांनी सांगितलं की देवाच्या नियमानं बाहेर बसलेल्या माणसाची मजुरी कापणं पाप आहे. आम्हा बायकांना विचारायचा तर आबांनी प्रश्नच ठेवला नाही. सरसकट बाहेर.

पहिल्या दिवशी तिघं बाहेर बसले. टेकडीच्या कडेला मोठा उंबर आहे, त्याच्या सावलीत, माना खाली घालून. दुसऱ्या दिवशी माना वर आल्या. तिसऱ्या दिवशी ते आत खणणाऱ्यांकडे बघून ओरडायला लागले, "काय रे गेब्रू, बायकोनं हाकललं वाटतं?"

बस. तिथून चक्रच उलटं फिरलं. आत जाणं म्हणजे कमीपणा झाला. आठवड्याभरात उंबराखाली तीस नवरे. पाय पसरून, शाल खांद्यावर टाकून, जणू सगळे लढाई जिंकून आलेत. साठी उलटलेला तेवोल्देसुद्धा काठी टेकत येऊन उंबराखाली बसला, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं चाळणीवरून ओरडून सांगितलं, "अहो, कशाला उगाच!" पण तो काही उठला नाही.

आत उरले कोण? दोन विधुर, लग्न न झालेली पाच-सहा पोरं, एक लंगडा गेब्रू. आणि कहसाय.

बुधवारी आणि शुक्रवारी आमचा उपास. त्या रात्री नवरा-बायकोनं वेगळं झोपायचं. त्यामुळे गुरुवारी आणि शनिवारी सकाळी उंबराखाली बसेल त्यानं उपास मोडला हे जाहीर होणार. तेवढी छाती कुणाची नव्हती. मग गुरुवारी नि शनिवारी सगळे चाळीस आत, धडाधड काम, आणि बाकीचे दिवस शुकशुकाट. डॉक्टर बिचारा अदिसचा, त्यातून अविवाहित. त्यानं कागदावर रेघा ओढून तक्ता काढला आणि वरच्या कचेरीला कळवलं की इथल्या मजुरांची शक्ती आठवड्यातून दोनदा आपोआप वाढते, कारण अभ्यासण्यासारखं आहे. कचेरीतून उत्तर आलं की अभ्यास करावा.

हसायला मलाही येत होतं, नाही असं नाही. पण कहसाय रोज आत होता. सोमवार, मंगळवार, रोज. एकही दिवस चुकला नाही. आणि वहीत ते लिहिलं जात होतं.

झाफू माझी शेजारीण. तिचा नवरा हादुश उंबराखालच्या टोळीचा म्होरक्या. बुंध्याला टेकायची जागा त्याचीच. एका संध्याकाळी झाफूकडे कॉफीला बसलो होतो सहा-सात जणी. कॉफीची पहिली फेरी झाली, दुसरी ओतताना झाफू मला म्हणाली, "मेधिन, तुझा नवरा भारीच देवाचा माणूस गं. आम्हाला नाही बाई मिळाला असा."

सगळ्या कपात बघायला लागल्या.

"तुझ्याला पाठवून दे की आत एक दिवस," मी म्हटलं.

"जाऊ देते का मी!" झाफू म्हणाली आणि जी हसली, जी हसली. कोपऱ्यातल्या एका आजीनं माझा हात धरून हळूच विचारलं, "पोरी, मुळी आहे माझ्याकडे एक. दुधातून द्यायची. देऊ का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिसरी कॉफी न पिता उठले. आमच्यात तिसरी न पिता उठणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं, पण मला पर्वा नव्हती.

खरं सांगते. आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. चार वर्षांपूर्वी सासूबाई आजारी म्हणून आमच्याकडे आल्या. घर म्हणजे एकच खोली, त्यांना रात्रीतून चारदा उठवावं लागायचं, म्हणून मी त्यांच्याशेजारी झोपायला लागले आणि कहसाय दारापाशी, बैलांच्या बाजूला. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. चाळिसावा झाला, वर्षाचं झालं, आणखी एक वर्ष गेलं. कहसाय दारापाशीच. मला वाटायचं, यानं आत यावं. त्याला काय वाटायचं देव जाणे. मी कधी म्हटलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही. माझ्यात आता काही उरलं नाही असं त्याला वाटत असेल, हे मनात यायचं आणि मग मी भांडी जरा जोरात आपटायची. एवढंच. पण हे आमच्या चार भिंतींत होतं. आता ते डॉक्टरच्या वहीत होतं.

त्या दिवशी कॉफीवरून आले ती तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"उद्या बाहेर बस."

"कुठे बाहेर?"

"उंबराखाली. एक दिवस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "का?"

"गाव तोंडात शेण घालतंय माझ्या, म्हणून."

"पण मेधिन, आबा विचारतात. खोटं सांगू? चर्चच्या दारात?"

आता याला काय म्हणावं! मग खरं कर की, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. बाईमाणसानं ते म्हणायचं नसतं असं नाही, आमच्याकडच्या बायका त्याहून वाईट बोलतात. पण मला ते म्हणावं लागतंय याचीच लाज वाटली. गिळलं.

तो बिचारा आपल्याच नादात. म्हणाला, "आणखी दोन आठवड्यांत गाभाऱ्याची शिळा लागणार. डॉक्टर म्हणालाय, ती शिळा मी उचलायची. पहिला हात माझा. दगड मला सापडला ना, म्हणून. फोटो काढणार आहेत, अदिसच्या संग्रहालयात लावणार आहेत, खाली नाव." बोलताना त्याचा चेहरा इतका उजळला की मला त्याचा रागही येईना आणि त्याच्यावर प्रेमही करवेना.

मग हादुशनं गोंधळ घातला.

झाफूची आई मकेल्याला आजारी पडली, म्हणून झाफू सोमवारच्या बसनं गेली. मंगळवारी सकाळी हादुश नेहमीसारखा टेकडी चढून आला, शाल झटकली, उंबराच्या बुंध्याला टेकून बसला. सवयीनं. त्याच्या ते डोक्यातच आलं नाही. आमच्या चाळण्या मात्र एकेक करून थांबल्या. तेवोल्देच्या म्हातारीनं सरळ विचारलं, "हादुश, झाफू तर मकेल्याला आहे ना रे?"

हादुशचं तोंड बघण्यासारखं झालं.

"मग तू बाहेर कसा?"

"पोट... पोट बिघडलंय."

"आबांना काय सांगितलंस आत्ता? पोट?"

आबा तिथेच होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "मला म्हणाला, बायकोपाशी होतो."

कुणाच्या बायकोपाशी, हा प्रश्न चाळीस माणसांच्या मनात एकदम आला. दोघा-तिघांनी आपापल्या घराच्या दिशेनं पाहिलं. एक जण तर हातातलं घमेलं टाकून उठलाच. हादुशनं ते बघितलं. अंगावर कुऱ्हाड यायच्या आत त्यानं आबांचे पाय धरले आणि सगळ्यांच्या देखत ओरडला, "कुणापाशी नव्हतो! कुणापाशीच नव्हतो! महिनाभर नव्हतो! झाफूपाशीपण नव्हतो! सगळे बाहेर बसतात म्हणून मीपण बसायचो!"

झाफू शुक्रवारी परतली. बसथांब्यावरच तिला चार जणींनी बातमी दिली. त्या दिवसापासून झाफूचं मला टोमणे मारणं बंद झालं. कॉफीला बोलवायला ती स्वतः आली. मी गेले आणि तिन्ही कप प्यायले.

आबांचा मात्र विश्वास उडाला. हादुशच्या गोंधळानंतर बुधवारपासूनच ते हातातला क्रूस घेऊन दारात उभे राहायला लागले. बाहेर बसायचं असेल तर क्रूसाचं चुंबन घेऊन सांगायचं. क्रूसावर खोटं बोलायला आमच्याकडे कुणी धजत नाही. त्या सकाळी उंबराखाली तिघं उरले. तिघंही नव्यानं लग्न झालेले, आणि त्यातल्या एकाची मान खाली होती.

सदतीस माणसं आत शिरली. गप्प, एकमेकांकडे न बघता, अनवाणी, दणादण खणायला लागली. आठवड्याभरात जेवढी माती निघाली तेवढी आधी महिनाभरात निघाली नव्हती. डॉक्टरनं तक्ता फाडून टाकला.

मला वाटलं, आता सगळेच आत, म्हणजे सुटले मी. पण लोकांना स्वतःची लाज झाकायला दुसऱ्याची लागते. बाकीचे निदान खोटं बोलून का होईना, काही दिवस बाहेर बसले होते. कहसायचं पहिल्या दिवसापासून खरं होतं. गाव म्हणायला लागलं, सुरुवातीपासून खरंच बायकोपासून लांब असलेला तो एकच.

रविवारी गावात लग्न होतं. मोठा उपास लागायला आठच दिवस राहिलेले, म्हणून लग्नांची घाई. पुढच्या सोमवारपासून पंचावन्न दिवस. ना दूध, ना मांस, ना नवरा. तोपर्यंत डॉक्टरची परवानगीही संपणार, तंबू उठणार. म्हणजे जे काही गावानं माझ्याबद्दल ठरवलं होतं ते कायमचं ठरलं. मेधिन, जिच्याकडे नवरा फिरकत नाही ती. मरेपर्यंत.

लग्नात डॉक्टरनं मंडपात उभं राहून सांगितलं की उद्या गाभारा उघडणार, वरून साहेब येणार, फोटोवाला येणार, आणि शिळेला पहिला हात कहसाय लावणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कहसाय लाजून लाल. मग बायका ढोल घेऊन गाणी म्हणायला लागल्या. आमच्याकडे लग्नात बायका जागच्या जागी ओव्या रचतात, ज्याची फिरकी घ्यायची त्याचं नाव घालून. एकीनं सूर लावला:

"नवरी सजली, नवरा सजला, सजली सारी रात,
 कहसायची नवरी दगडाची, झोपतो तिच्याच आत!"

अख्ख्या मांडवानं दुसरी ओळ उचलली. ढोल वाजत होता, माणसं खांदे उडवून नाचत होती. नवरीसुद्धा हसत होती. कहसाय माझ्या समोरच्या बाजूला उभा होता. त्यानं ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, शाल तोंडावर ओढली आणि घरी निघून आले.

चुलीपाशी बसले आणि रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी रडले होते, पण ते चारचौघांत, रीतीनं. हे तसं नव्हतं. नाक वाहत होतं, तोंडातून आवाज निघत होता. वर बघते तर कहसाय दारात. तो किती वेळ उभा होता माहीत नाही. मला वाटलं आता काही म्हणेल. त्यानं बैलांना वैरण टाकली आणि दारापाशीच आडवा झाला.

सोमवारी सकाळी टेकडीवर जत्रा. साहेबाची गाडी, फोटोवाला, शाळेतली पोरं झेंडे घेऊन. शिळेभोवतीची माती काढून झालेली, लाकडी दांडे लावून ठेवलेले. आबा नवा झगा घालून दारात. एकेक गडी क्रूसाला कपाळ लावून आत जात होता.

कहसायची पाळी आली. आबांनी विचारलंसुद्धा नाही, नुसता बाजूला सरकून त्याला वाट दिली.

"नाही आबा," कहसाय म्हणाला. "मी आज बाहेर."

आबा बघतच राहिले. "काय म्हणालास?"

"बाहेर. बायकोपाशी होतो."

चाळण्यांची खडखड थांबली. शाळेच्या पोरांनी झेंडे खाली केले, त्यांना वाटलं काहीतरी झालं.

आबांनी क्रूस पुढे केला.  "कहसाय, नीट विचार कर." कहसाय वाकला, क्रूसाचं चुंबन घेतलं आणि सरळ उंबराकडे चालायला लागला.

डॉक्टर अनवाणीच त्याच्यामागे धावला. "अरे आजच? कहसाय, आजच? उद्यापासून काय हवं ते कर! साहेब आलेत, फोटोवाला आलाय, एवढा एक दिवस तरी..."

"डॉक्टर," कहसाय म्हणाला, "बायको आहे ती माझी. खात्याची परवानगी काढून जाऊ का तिच्यापाशी?"

असा हशा पिकला की साहेबाच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा हसत होता. उंबराखालच्या तिघांनी उठून त्याला बुंध्याची जागा दिली. झाफूनं मला कोपरानं ढोसलं, "अगं बाई! आणि काल मांडवातून लवकर उठून गेलीस ती यासाठी होय?" मी चाळणीच्या कडा घट्ट धरून बसले होते. तो खोटं बोलला होता. रात्रभर दारापाशी बैलांच्या बाजूला त्याचा खोकला मी ऐकला होता. ज्या माणसानं बाजारात बैल विकताना त्याचा दुखरा खूर आपण होऊन दाखवला, तो क्रूसावर खोटं बोलला होता. माझ्यासाठी.

शिळेला पहिला हात हादुशनं लावला. फोटो त्याचाच निघाला. अदिसच्या संग्रहालयात आजही तोच आहे म्हणतात, छाती काढून, खाली हादुशचं नाव.

शिळेखाली वेदीचे चार दगडी पाय निघाले, तुटलेले. तळहाताएवढा एक पितळी क्रूस निघाला, थोडी राख निघाली. ताबोत नव्हता. आबांनी स्वतः कोपरापर्यंत हात घालून माती चाचपली. दुपारपर्यंत चाचपत होते. मग भिंतीला टेकून बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

"नेलाय," ते म्हणाले. "गाव सोडताना पाटी बरोबर नेली त्यांनी. बरोबर केलं. मीही तेच केलं असतं."

"म्हणजे आबा," डॉक्टरनं भीत भीत विचारलं, "हे आता चर्च नाही?"

"चार भिंती आहेत. घाला चपला." मग म्हणाले, "उद्यापासून मी येणार नाही. कुणाला काही विचारणार नाही. माझी माणसं आहेत ती, मीच त्यांना एकमेकांच्या घरात डोकावायला लावलं."

हे मात्र कुणी वहीत लिहिलं नाही. सगळे चपला शोधत होते, आणि चाळीस जोड एकाच दुकानातले, त्यामुळे बराच वेळ भांडण चाललं.

संध्याकाळी मी कहसायला वाढलं. तो खाली मान घालून जेवत होता.

"खोटं बोललास," मी म्हटलं.

"हो."

"क्रूसावर."

"हो."

"आबांना सांगावं लागेल. प्रायश्चित्त देतील. शंभर दंडवत तरी घालायला लावतील."

"घालीन की."

"आणि फोटो त्या हादुशचा निघाला. सगळं तू खणलंस आणि नाव त्या लबाडाचं लागणार."

"लागू दे." मग म्हणाला, "तू काल रडत होतीस. मला वाटायचं, आई गेल्यापासून मी जवळ नाही तेच तुला बरं वाटतं. भांडी आपटायचीस ना तू."

अरे देवा! माझी भांडी आणि याचे कान! मला हसू आलं, रडू आलं, आणि त्याच्या डोक्यात पळी घालावीशी वाटली. काहीच केलं नाही. उठले, अंथरुणाचं कातडं आत ओढलं आणि म्हटलं, "आज आत झोप. दारापाशी थंडी असते."

"थंडी नाहीये," तो म्हणाला. तसा तो आहेच मंद.

"आहे म्हणतेय ना मी."

मंगळवारी टेकडीवर आबा नव्हते, क्रूस नव्हता, वही नव्हती. डॉक्टरनं बूट घातले होते. सगळे गडी चपला घालून, बोलत, थुंकत, खुशाल भिंतीच्या आत शिरले. सर्वांत शेवटी कहसाय आला. दारापर्यंत गेला, थांबला, मागे फिरला आणि उंबराखाली जाऊन बसला. एकटाच.

"अरे उठ की," आतून हादुश ओरडला. "आता नियम नाही! कुणी विचारत नाही!"

"माहीत आहे," कहसाय म्हणाला आणि पाय पसरले.

आदल्या दिवशी त्यानं क्रूसावर खोटं सांगितलं होतं. आज कुणी न विचारता खरं सांगत होता, अख्ख्या गावादेखत. मी चाळणीतून मान वर काढली नाही. काढली असती तर माझं तोंड झाफूला दिसलं असतं.